जयवंता आत्या मशीनमधून ओरडते

चेरलापल्लीच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी आहे. तिथे धातूची पावडर लेसरने वितळवून वस्तू घडवतात. प्रज्ञेश गजभारे तिथला क्वालिटी इंजिनिअर. काम ऐकायला सोपं आहे. पावडरचा कागदाहून पातळ थर पसरायचा, त्यातला पाहिजे तेवढाच भाग लेसरने वितळवायचा, वर पुन्हा थर, पुन्हा लेसर. असं करत करत मशीनच्या पोटात टायटॅनियमच्या वाट्या तयार होतात आणि त्या माणसाच्या खुब्याच्या सांध्यात बसवतात. वाटीच्या आत पोकळी राहिली तर वरून काही दिसत नाही. म्हणून थर रचला जात असतानाच त्यावर नजर ठेवायला कॅमेरा, प्रकाश मोजणारे सेन्सर, ऑक्सिजन मोजणारे सेन्सर अशी फौज बसवलेली. त्यातल्या कोणालाही काही खटकलं की मशीन बीप करायचं.

आणि त्यांना सारखंच काहीतरी खटकायचं. ठिणगी जरा मोठी उडाली, बीप. पावडर एका कोपऱ्यात किंचित जास्त पडली, बीप. बाहेरच्या रस्त्यावरून सिमेंटची लॉरी गेली आणि कॅमेरा थरथरला, बीप.

मशीन चालवणारा यादगिरी हा भोंगीरचा, स्वभावाने शांत माणूस. सुरुवातीला तो प्रत्येक बीपला उठून बघायचा. मग मनात आलं तर बघायचा. शेवटी त्याने घरून एक जाड टॉवेल आणला, त्याची चौघडी घातली आणि स्पीकरवर ठेवली. त्यानंतर मशीन टॉवेलखालून चिमणीसारखं चिवचिवायचं आणि यादगिरी सुखाने पावडर चाळायचा.

एके दिवशी पावडर पसरवणारं पातं एका ठिकाणी तुटलं. प्रत्येक थरावर त्याचा ओरखडा पडू लागला. मशीनने दिवसभर आकांत केला. यादगिरीने टॉवेलला आणखी एक घडी घातली. सकाळी झाकण उघडलं तेव्हा आतल्या सगळ्या वाट्यांना एकाच बाजूला खाच पडलेली होती, कोणीतरी सुरी फिरवल्यासारखी.

क्वालिटीच्या प्रमुख माधवी बिडकर या चिक्कडपल्लीच्या. त्यांचे आजोबा वकील, वडील वकील, त्यामुळे मॅडमचं साधं विचारणंही उलटतपासणीसारखं असायचं.

"टॉवेल किसका है?"

"मेरा, मॅडम."

"कायकू रखा?"

"हर बात पे चिल्लाती मॅडम, वो मशीन."

"चिल्लाने के वास्तेच रखे ना उसकू!"

मग त्या प्रज्ञेशकडे वळल्या आणि मराठीत आल्या. "प्रज्ञेश, वाट्या घेणाऱ्या कंपनीचा ऑडिटर येतोय. तोवर काहीही करा, पण अलार्म वाजला की माणूस उठला पाहिजे."

खरा उपाय काय, ते प्रज्ञेशला ठाऊक होतं. आजवर झालेल्या वाट्या कापायच्या, घासायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. कोणत्या बीपच्या जागी खरोखर पोकळी निघते आणि कोणत्या जागी नाही, ते जुळवायचं आणि त्याप्रमाणे सेन्सरच्या मर्यादा बदलायच्या. पण हे काम इतकं कंटाळवाणं होतं की उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, तो ते 'या आठवड्यात करू' म्हणत होता.

त्या संध्याकाळी तो नल्लकुंट्याला घरी पोचला आणि याच विचारात बूट न काढता आत शिरला.

"तिथंच थांब!"

प्रज्ञेशचा एक पाय हवेत तसाच राहिला. आतून जयवंता आत्या ओरडली होती. प्रज्ञेश देगलूरहून शिकायला आला तो आत्याच्याच घरी राहिला, शिक्षण झालं, नोकरी लागली, तरी तिथेच होता. आत्या सरकारी दवाखान्यात वॉर्डची मुख्य नर्स म्हणून रिटायर झालेली. तिच्या आवाजाने सलाइन जोरात पडायला लागतं असं तिथले कंपाउंडर म्हणायचे. प्रज्ञेश आता तिशी ओलांडलेला इंजिनिअर होता, पण तो आवाज आला की त्याचे पाय डोक्याला न विचारता थांबायचे.

एका पायावर उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला पाहिजे तो अलार्म हाच.

"आत्या, माझ्या फोनमध्ये जरा ओरडतेस का?"

"कोणाला?"

"कोणाला नाही. नुसतंच."

"समोर कोणी नाही, कोणी काही केलं नाही, आणि मी ओरडू? वेडी आहे का मी?"

आत्या तयार होईना. मग प्रज्ञेशने रविवारी फोन फ्रिजवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि चुका करायला सुरुवात केली. दूध गॅसवर ठेवून पेपर वाचत बसला. करपल्याचा वास सुटला तशी आत्या आली, "अरे जळलालंय की! नाक आहे का नुसती भोकं?" मग त्याने पलंगावर चादर वाकडीतिकडी टाकली. जन्मभर वॉर्डातल्या चादरी ताणून घातलेल्या बाईला ते बघवेना. "हे काय पसरलंस? सुरकुत्या बघ! उचल आधी, पुन्हा घाल!" मग बाहेरचं दार उघडं टाकलं. "दार लाव! मच्छर पाळायचेत का घरात?" तांदळाच्या डब्याचा तळ गाठून तो गप्प बसला, तेव्हा, "संपलं तर सांगायला तोंड नाही का?"

दुपारपर्यंत त्याच्याकडे सगळं जमलं. आत्याने मात्र थर्मामीटर काढला आणि त्याच्या काखेत घातला. "तुला बरं नाही. एवढ्या चुका तू कधी करत नाहीस."

सोमवारी त्याने बीप काढून तिथे आत्या बसवली. लेसरखालचा धातू जास्त तापला तर दुधाची बोलणी. थर नीट पसरला नाही तर चादरीची. मशीनच्या आत ऑक्सिजन शिरला तर दाराची, आणि पावडर संपत आली तर तांदळाची.

यादगिरी चाळणी घेऊन बसला होता. मशीन गडगडलं, "अरे जळलालंय की!" यादगिरीच्या हातून चाळणी पडली. "वस्तुन्ना अम्मा, वस्तुन्ना!" म्हणजे आलो, आलो म्हणत तो धावला. मराठीचा त्याला गंध नव्हता, पण आपण काहीतरी केलंय हे त्याला पटलं होतं. आत खरोखरच एका वाटीची कड तापून वर उचलली गेली होती. त्याने तेवढी वाटी पुढे रचणं बंद केलं आणि बाकीच्या वाचल्या.

माधवी मॅडम हातातला चहा अंगावर सांडून केबिनमधून बाहेर आल्या.

"प्रज्ञेश, कोण आहे ही?"

"माझी आत्या, मॅडम."

"त्यांना विचारलंय ना?"

"विचारतो."

"आधी विचारतात, प्रज्ञेश." मॅडमनी रुमालाने कुर्ता पुसला. मशीन पुन्हा म्हणालं, "नाक आहे का नुसती भोकं?" आणि मॅडमनी नकळत रुमाल खिशात ठेवला. "आजच विचारा."

तो 'आज' काही आला नाही. 'उद्या'ही आला नाही. कारण आवाज फारच चांगला चालला होता. यादगिरी एका हाकेत उठायचा. पॅकिंगमधली माणसं जेवणाच्या सुट्टीतून वेळेवर परतू लागली. गेटवरचा वॉचमन शर्टाचं वरचं बटण लावू लागला. सगळे मशीनला 'अम्मा' म्हणू लागले.

फक्त सेन्सर जुनेच होते, मर्यादाही जुन्याच. लॉरी गेली की आत्या ओरडायची. ठिणगी उडाली की आत्या ओरडायची. 'दार' म्हणजे दरवाजा हे यादगिरीला कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती बोलणी ऐकली की तो धावत जाऊन हॉलचं दार लावायचा, कपाट लावायचा, संडासाचं दार लावायचा, शेवटी स्वतःच्या डब्याचं झाकणही लावून बघायचा. तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याचं जेवण कमी झालं. चेहरा उतरला. बीप बीप करणाऱ्या मशीनवर टॉवेल टाकता येतो, पण आईच्या वयाच्या बाईच्या तोंडावर कसा टाकणार?

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. आत्याने दार उघडलं. बाहेर इस्त्रीच्या शर्टात एक माणूस, हातात मोसंब्यांची पिशवी.

"कौन होना?" आत्याने विचारलं.

आवाज ऐकताच त्या माणसाने हात जोडले. "अम्मा, मैं यादगिरी. मेरी गलती क्या है, एक बार सामने बोल दो. मैं सुधार लेतुं."

"कैसी गलती?"

"आप दिनभर चिल्लाते ना मेरे पे. मशीन में से."

आत्याने त्याला हळूच आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि त्याची नाडी बघितली. नाडी ठीक होती. तिने खालच्या पापण्या ओढून डोळे बघितले. तेवढ्यात गच्चीवर कपडे वाळत घालून प्रज्ञेश खाली आला आणि यादगिरीला बघून दारातच थबकला. त्याचा चेहरा बघून आत्याने यादगिरीचा हात सोडला.

"प्रज्ञेश, हा माणूस काय म्हणतो?"

सगळं सांगावं लागलं. फोन काढून ऐकवावंही लागलं. आत्याने चष्मा लावला, जणू ऐकायला तो लागतो, आणि दूध, चादर, दार, तांदूळ सगळं शांतपणे ऐकलं.

"हा माझा आवाज?"

"हो."

"एवढा मोठा आहे?"

"हो, आत्या."

"बरं. आणि मी ओरडते तेव्हा या बिचाऱ्याची चूक काय असते?"

प्रज्ञेशने यादगिरीकडे बघितलं. यादगिरीने मोसंब्यांकडे बघितलं. "कधी कधी असते," प्रज्ञेश म्हणाला. "बऱ्याचदा... काहीच नसते."

आता आत्या ओरडेल म्हणून त्याने खांदे आक्रसले. पण ती ओरडली नाही. ती अगदी हळू बोलली आणि ते जास्त वाईट होतं.

"मी सगळ्यांना ओरडले रे. वॉर्डबॉयला, पेशंटच्या नातेवाइकांना. मोठमोठ्या डॉक्टरांना ओरडले. पण चूक असल्याशिवाय कोणाला शब्द नाही बोलले. म्हणून ऐकायचे लोक. आणि तू माझा आवाज न विचारता नेलास तो नेलास, वर माझ्या तोंडून खोटं बोलवलंस?"

"सॉरी, आत्या."

"मला नको म्हणू. उद्या मी येणार तुझ्या कंपनीत."

सोमवारी आत्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल आणि पायात दोन नंबर मोठे सेफ्टी शूज घालून मशीनसमोर खुर्ची टाकून बसली. माधवी मॅडमनी स्वतः तिला आत आणलं, न विचारता आवाज वापरल्याबद्दल माफी मागितली आणि चहा मागवला. आत्याने काचेतून आत डोकावून विचारलं, "यात सुया उकळता का?" प्रज्ञेशने पावडर, लेसर, थर सगळं समजावलं. आत्याने मान डोलावली. "म्हणजे उकळतच नाही काही."

तेवढ्यात बाहेरून लॉरी गेली.

"हे काय पसरलंस? सुरकुत्या बघ!" मशीन म्हणालं.

"कुठाय सुरकुती? दाखव," आत्या म्हणाली.

प्रज्ञेशने स्क्रीनवर त्या थराचा फोटो मोठा केला. थर आरशासारखा सपाट होता. आत्या खुर्चीतून उठली, यादगिरीसमोर गेली आणि हात जोडून म्हणाली, "माफ कर रे बाबा. मेरी गलती हुई."

यादगिरी कासावीस झाला. "अम्मा, नक्को!"

आत्या बसली. जरा वेळाने ठिणगी उडाली. "अरे जळलालंय की!" पुन्हा फोटो. कुठे काही जळलं नव्हतं. आत्या पुन्हा उठली. "माफ कर रे बाबा."

असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. आत्याचे गुडघे दुखत होते, पण ती दर वेळी उठायची. पॅकिंगमधली माणसं दारात जमली होती. यादगिरीचे डोळे भरून आले. "अम्मा, माफी नक्को मांगो," तो म्हणाला. "उससे तो गालियांच दो."

प्रज्ञेशला मान वर करवेना. तेव्हा आत्याने टेबलावरची एक तयार वाटी हातात घेतली आणि बोटांनी आतून चाचपली.

"ही खुब्यात बसवतात ना? ठाऊक आहे मला. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करायचं काम आमचं असायचं. पाय टेकवतच नाहीत. आत काय बसवलंय ते मोडेल म्हणून घाबरतात. मी ओरडायचे, टेकव! मग टेकवायचे." तिने वाटी जपून खाली ठेवली. "ओरडायचं असेल तिथं ओरड की. माझा आवाज घे, अजून मोठा कर. पण चूक असेल तिथंच. समजलं?"

"समजलं."

त्या दुपारी प्रज्ञेशने जुन्या वाट्यांची पेटी उघडली. पुढचे कितीतरी दिवस तो आणि यादगिरी वाट्या कापत होते, घासत होते, सूक्ष्मदर्शकाखाली धरत होते. जिथे अलार्म झाला होता तो थर शोधायचा आणि तिथे पोकळी आहे का बघायचं. मोठ्या ठिणग्यांखाली जवळजवळ कुठेच काही निघालं नाही. लॉऱ्यांच्या थरांखाली तर धातू अगदी ठणठणीत. पण एक भलतंच सापडलं. काही जागी लेसरखालचा उजेड सलग बऱ्याच थरांत थोडा थोडा मंद झालेला होता. इतका थोडा, की मशीनने कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि नेमकी तिथे खाली बारीक भोकं होती.

"जहां होना वहां अम्मा चुप थी," यादगिरी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाला.

त्या वाट्या शेवटच्या तपासणीत एक्स-रेखाली पकडल्या जाऊन बाजूला पडलेल्या होत्या, याची प्रज्ञेशने दोनदा खात्री करून घेतली, तेव्हा कुठे त्याला चहा गेला. मग त्याने मर्यादा बदलल्या. ठिणग्यांना सवलत दिली, मंद उजेडाला दिली नाही. मशीनखाली रबराचे जाड पाय बसवले. हळूहळू हॉलमध्ये शांतता पसरली. आत्या आता क्वचित बोलायची, आणि बोलली की खरोखर काहीतरी बिघडलेलं असायचं. यादगिरी पुन्हा पोटभर जेवू लागला.

ऑडिटर आले ते हिम्मतराव शितोळे, पुण्याचे. गंभीर गृहस्थ. त्यांनी चहाला नाही म्हटलं, बिर्याणीला नाही म्हटलं आणि सकाळपासून बॅग काखेत धरून हॉलच्या उघड्या दारात उभे राहून मशीनकडे बघत राहिले. मशीन गप्प होतं. दुपार झाली तरी गप्प.

"तुमचा अलार्म चालू आहे, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"चूक नाही म्हणून वाजत नाही, सर," माधवी मॅडम म्हणाल्या.

"बंद असला तरी वाजणार नाही."

मुद्दा बरोबर होता. मॅडमनी खूण केली. प्रज्ञेशने मशीनमधून ऑक्सिजनला बाहेर ठेवणाऱ्या वायूची झडप थोडी आवळली, म्हणजे आत ऑक्सिजन वाढावा. क्षणभर काही झालं नाही.

"दार लाव! मच्छर पाळायचेत का घरात?"

हिम्मतरावांनी मागे वळून धाडकन दार लावलं. कडी घातली. मग काखेतल्या बॅगेची उघडी चेनसुद्धा ओढली. आणि मग कडीवर हात तसाच ठेवून ते भिंतीकडे बघत उभे राहिले. कोणी हसलं नाही. माधवी मॅडम मात्र खाली वाकून बराच वेळ सँडलचा पट्टा लावत होत्या, आणि त्यांच्या सँडलला पट्टा नव्हता.

"ह्या... कोण?" हिम्मतरावांनी घसा खाकरून विचारलं.

"माझी आत्या, सर," प्रज्ञेश म्हणाला.

हिम्मतरावांनी यादगिरीला हिंदीत विचारलं, "आप को मराठी आती है?"

"नहीं साब."

"फिर कैसे समझते हैं?"

"बात नहीं समझती साब," यादगिरी म्हणाला, "लेकिन अम्मा फालतू नहीं चिल्लाती." आणि त्याने स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा दाखवला, झडप मोकळी केली, आकडा उतरेपर्यंत थांबला आणि मगच मशीन पुढे चालवलं.

कंपनी पास झाली. अहवालात दोन शेरे होते. एक, अलार्म चालकाच्या भाषेतही असावा. दुसरा, अलार्ममधला मच्छरांचा उल्लेख प्रक्रियेशी संबंधित नाही, तो काढावा. तेलुगू अलार्मसाठी यादगिरीच्या बायकोला बोलावलं. तिचं काम चहा गार व्हायच्या आत संपलं. मच्छर मात्र प्रज्ञेशला काढता आले नाहीत, कारण ते काढल्यावर नुसतं 'दार लाव' ऐकून कोणीच धावेना. शेवटी माधवी मॅडमनी हिम्मतरावांना एक लांबलचक स्पष्टीकरण पाठवलं, आणि हिम्मतरावांनी ते का कोण जाणे, लगेच मान्य केलं.

गोष्ट वसाहतीत पसरली. तीन गल्ल्या पलीकडे बिस्किटांचा कारखाना आहे. तिथल्या मालकांनी माधवी मॅडमना फोन केला. त्यांच्या पॅकिंगच्या पट्ट्यावरचा अलार्मही कोणी ऐकत नव्हतं. अम्माचा आवाज मिळेल का?

"आधी मी येऊन बघणार," आत्या म्हणाली.

प्रज्ञेश तिला स्कूटरवरून घेऊन गेला. आत्याने सकाळभर पट्ट्याशेजारी उभं राहून बघितलं. पोरी भराभर हात चालवत होत्या, तुटकी बिस्किटं वेचून काढत होत्या, केस टोपीत घट्ट बांधलेले. मधल्या वेळेत त्यांनी आत्याला बसायला स्टूल दिलं आणि गरम बिस्किटं खायला दिली. दुपारी आत्या मालकांच्या केबिनमध्ये गेली.

"आवाज देणार नाही मी. पोरी चांगलं काम करतात. ओरडण्यासारखं काही नाही इथं."

"लेकिन अम्मा, कभी गलती हुई तो?"

"तो बुला लेना. रिक्षा करके आतुं."

मालक हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. पण गुरुवारी पट्ट्यावर ओल्या बिस्किटांची आख्खी खेप तशीच पाकिटात गेली आणि त्यांनी खरंच फोन लावला. आत्याने कपाटातलं नर्सचं पांढरं लुगडं काढलं, नेसली, नल्लकुंट्याच्या नाक्यावर रिक्षा केली, चेरलापल्लीला गेली, पंधरा मिनिटं ओरडली आणि जेवायला घरी परत आली.